गुबगुबीत अक्षरांचा जाच

कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता येतं, एवढ्या एका गुणावर ऑफिसातल्या यच्चयावत सूचना माझ्या गळ्यात पडल्या आहेत. मजकुराची चिठ्ठी येते आणि खाली हुकूम असतो : ‘तो जाड, गोल-गोल फॉन्ट आहे ना, त्यातच.’

फॉन्टचा यात काडीचा दोष नाही. पण ज्याच्या अंगाला एकही कोपरा नाही, त्याला रागावता कसं येणार? ‘विनापरवाना आत येणाऱ्यावर कारवाई होईल’ हे वाक्य मी त्यात टाकलं, तर ‘कारवाई’ इतकी गोंडस दिसायला लागली की एकाने आत येऊन विचारलं, ‘किती वाजता आहे?’

ही अक्षरं मुळात लांबून दिसण्यासाठी जन्मलेली. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपरने केलेला ‘कूपर ब्लॅक’ १९२२ साली बाजारात आला. दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आणि लांबचं न दिसणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आहे हा, असं तो स्वतःच गमतीने म्हणायचा. इझीजेटच्या विमानांवर नाव आहे ते याच वळणाचं. आपल्या देवनागरीत ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ आहे, अस्वलाचं नाव शोभावं असा. विमान, पाटी, शीर्षक : चार शब्द, भरपूर जागा. तिथे ही अक्षरं राजासारखी बसतात.

आमच्याकडे मात्र एका पानात सत्तावीस नियम, तेही अकरा पॉइंटात. जाड अक्षर लहान केलं की पहिल्यांदा त्याच्या पोटातली मोकळी जागा जाते. ‘ष’मधली तिरकी रेघ शाईत बुडाली आणि आमच्या ऑफिसात ‘दोपी व्यक्तींना’ दंड लागू झाला. हे दोपी कोण, यावर जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले. ‘भत्ता’ आणि ‘मत्ता’ यांत फरक उरला नाही, तेव्हा मात्र अकाउंट्सवाले स्वतः वर आले.

त्यात साहेबांना पट्टी लावून बघायची सवय. ‘हा इंग्रजी ओ ओळीखाली घसरलाय, वर घ्या.’ गोल अक्षर शेजारच्या सपाट अक्षराएवढंच काढलं तर डोळ्याला बुटकं दिसतं, म्हणून ते मुद्दाम वर-खाली किंचित बाहेर काढतात, हे मी सांगितलं. साहेब म्हणाले, ‘डोळ्याचं जाऊ द्या, पट्टी काय म्हणते?’

एकदा बंड करून सडपातळ, टोकदार फॉन्ट लावला. ‘फार अंगावर येतो हो,’ असा शेरा आला. म्हणजे धमकी द्यायची, पण ती गालगुच्चा घेत!

परवा अखेर या फॉन्टच्या पत्रिकेतच लिहिलेला मजकूर आला : ‘उद्या सुट्टी.’ दोनच शब्द. मी अक्षरं पानभर मोठी केली, ‘ट्टी’चं पोट नीट मोकळं ठेवलं आणि प्रिंट घेऊन गेलो.

‘याला कशाला फॉन्ट?’ साहेब म्हणाले. ‘फळ्यावर खडूने लिहून टाका.’