बारा बटणांचा माऊस पाच मिनिटांत लागत नसतो

नागपूरच्या गेमिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘साइडला १२ बटणंवाला माऊस घ्या. डीपीआय फुल्ल, पोलिंग ८०००, १२ बटणांवर १२ स्किल, सगळे अटॅक एका मॅक्रोत. पाच मिनिटांत प्रो सेटिंग.’ बर्डीच्या बाजारातून नवा माऊस आणलेले पोट्टे हे जसंच्या तसं करतात आणि आठवडाभरात माऊसलाच नावं ठेवतात. यातला एकही सल्ला जसाच्या तसा घेण्यासारखा नाही.

‘डीपीआय फुल्ल.’ डीपीआय म्हणजे माऊस एक इंच हलला की तो किती पावलं मोजतो तो आकडा. विंडोजचा पॉइंटर स्पीड मधल्या खुणेवर आणि ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद असेल, तर १६००० डीपीआयवर माऊस एक इंच हलला की पॉइंटर १६००० पिक्सेल धावतो. फुल एचडी स्क्रीनची रुंदी १९२०. अंगठ्याने साइडचं बटण दाबताना माऊस थोडा हलतोच, आणि तेवढ्यात नेम सुटतो. ८०० किंवा १६०० ठेवा, उरलेला वेग गेममधल्या सेन्सिटिव्हिटीने जुळवा. डीपीआयच्या बाकीच्या पायऱ्या सॉफ्टवेअरमधून काढूनच टाका.

‘पोलिंग ८०००.’ पोलिंग म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा पीसीला माहिती देतो ते. १००० हर्ट्झला माऊस दर १ मिलिसेकंदाला माहिती देतो, ८००० ला दर ०.१२५ ला. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंदांची असते. फायदा दिसत नाही, साध्या प्रोसेसरवर एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, मात्र पडू शकतो.

‘१२ बटणांवर १२ स्किल.’ स्किल म्हणजे गेममधल्या पात्राचा एकेक डाव. खरी गोम इथे आहे. अंगठा एकदम १२ जागा शिकत नाही. आधी मधली तीनच बटणं लावा, सगळ्यात जास्त लागणाऱ्या स्किलसाठी. ती न बघता दाबता आली की पुढची ओळ. मधल्या बटणावर मखमली टिकली चिकटवा, म्हणजे अंगठ्याला जागा कळते. मे महिन्यात कूलरच्या दमट हवेत घामेजलेला अंगठा घसरतो, तेव्हा तर ती फारच उपयोगी पडते. नंतर डाव्या हाताने शिफ्ट आणि कंट्रोल जोडले की त्याच १२ बटणांचे ३६ कमांड होतात.

पण बटणांना नमपॅडचे (कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या चौकटीतले) आकडे देऊन त्यावर शिफ्ट लावू नका. नमलॉक चालू असताना शिफ्ट+नमपॅड १ विंडोजला ‘एंड’ म्हणून पोचतं, आणि स्किल लागत नाही. वरच्या ओळीतले आकडे द्या, नाहीतर एफ१३ ते एफ२४, म्हणजे साध्या कीबोर्डवर नसलेल्या की. या एफ-की काही गेम ओळखत नाहीत, म्हणून आधी एकच लावून बघा. एफ४ तर नकोच: ऑल्ट दाबलेलं असेल तर गेमच बंद होईल.

‘सगळे अटॅक एका मॅक्रोत.’ मॅक्रो म्हणजे एका दाबात चालणारी बटणांची मालिका; तो ठरलेल्या वेळेने बटणं दाबत जातो. गेममध्ये काय चाललंय ते त्याला दिसत नाही. फायनल फँटसी १४ मध्ये दोन अटॅकमधला मूळ कूलडाउन (थांबायचा वेळ) २.५ सेकंद. लॅगमुळे एक अटॅक अडला की पुढचा क्रम विस्कटतो. शिवाय गिल्ड वॉर्स २ चा नियमच आहे: एक दाब, एक कृती. काउंटर-स्ट्राइक २ ने ऑगस्ट २०२४ पासून अशा ऑटोमेशनला अधिकृत सर्व्हरवरून बाहेर काढायला सुरुवात केली. वर्षभर वाढवलेलं अकाउंट यासाठी पणाला लावू नका. एका बटणाला एकच की द्या.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट: प्रोफाइल, म्हणजे बटणांची ही सगळी मांडणी, माऊसच्या ऑनबोर्ड (आतल्या) मेमरीत सेव्ह करा. नाहीतर कॅफेतल्या पीसीवर सॉफ्टवेअर नसतं आणि सगळी बटणं मूळ सेटिंगवर जातात. घरून निघण्याआधी सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून, नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबून पाहा. आकडे बरोबर उमटले तर प्रोफाइल माऊसमध्येच आहे. बटणांना एफ१३ पासूनच्या की दिल्या असतील तर नोटपॅडवर काहीच उमटणार नाही. ही तपासणी गेमच्या की-बाइंडिंग पानावर करा.