कराटे शेतकऱ्यांनी घडवलं नाही

"१६०९ साली सामुराईंनी ओकिनावा जिंकलं, शस्त्रं काढून घेतली, म्हणून शेतकऱ्यांनी रात्री लपूनछपून कराटे घडवलं. उडी मारून मारायची लाथ घोडेस्वाराला खाली पाडण्यासाठी होती." आमच्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर हा मजकूर पुन्हा पुन्हा येतो. मुलं तो खरा मानतात, म्हणून लिहितोय.

ओकिनावा तेव्हा जपानच्या दक्षिणेला असलेलं वेगळं बेट-राज्य होतं. त्यावर स्वारी झाली, हे खरं. दक्षिण जपानातल्या सात्सुमा संस्थानाच्या शिमाझू या सामुराई घराण्याचे सुमारे ३,००० सैनिक आले आणि राजा शो नेईला कैद करून घेऊन गेले. शस्त्रांवर निर्बंधही आले. पण त्याच्या शंभर वर्षं आधी, ओकिनावाच्या राजांच्या शुरी किल्ल्यातल्या १५०९ च्या लेखात, राजा शो शिनने तलवारी आणि धनुष्यं राज्याच्या रक्षणासाठी साठवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे शस्त्रं राजाच्या हाती एकवटण्याची सुरुवात सामुराईंनी केलेली नाही.

शेतकऱ्यांची गोष्ट तर अजिबातच टिकत नाही. कराटेचे जुने गुरू बघा. मात्सुमुरा सोकोन हे राजाचे अंगरक्षक. त्यांनी खुद्द सात्सुमात जाऊन तिथली तलवारबाजी शिकून घेतली. त्यांचे शिष्य इतोसू आंको दरबारी लेखनिक होते. मोतोबू चोकी राजघराण्याच्या शाखेतले. ही विद्या दरबारी आणि खानदानी घरांची होती. तिची शिकवणी खासगीत चालायची, एवढंच त्या मजकुरातलं खरं.

घोडेस्वाराचं म्हणाल, तर नाइहांची हा जुना काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) करून बघा. पाय रुंद रोवायचे, एकाच रेषेत डावी-उजवीकडे सरकायचं. त्यात एकही उडी नाही.

सात्सुमाच्या राजवटीचा खरा परिणाम वेगळाच आहे आणि तो कुणी सांगत नाही. चीनशी चालणारा व्यापार सात्सुमाला हवा होता, म्हणून त्यांनी र्‍युक्यूचं राज्य, म्हणजे ओकिनावाचं राज्य, बुडवलं नाही. चीनला नजराणे घेऊन जाणारी जहाजं चीनमधल्या फुझो बंदराला जातच राहिली. त्याच वाटेने चिनी मुष्टियुद्ध ओकिनावात येत राहिलं.

आणि ज्याला आपण 'सामुराई शिस्त' म्हणतो, ते पांढरे कपडे, काळा पट्टा, 'दान' (काळ्या पट्ट्याच्या पायऱ्या)? ओकिनावाचं राज्य १८७९ मध्ये संपलं, हे सगळं त्यानंतरचं. इतोसूंनी १९०१ मध्ये कराटे शाळेत नेलं, ओकिनावाचे कराटे शिक्षक फुनाकोशी १९२२ मध्ये तोक्योला गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी पहिले काळे पट्टे दिले. पट्टे आणि दान ही पद्धत ज्यूदोकडून घेतलेली.

नावसुद्धा आधी 'चिनी हात' असंच लिहिलं जाई. १९३६ मध्ये ओकिनावातल्या नाहा शहरात कराटे गुरूंच्या बैठकीत 'रिकामा हात' ठरलं. तोवर जपानी सैन्य चीनच्या मांचुरियात बसलं होतं आणि नावातला चीन अडचणीचा झाला होता.