गोळीवरून दाण्यावर: फिरत्या मेसेजचं गणित कुठे चुकतं

सातारा-सांगलीकडच्या पोल्ट्रीच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं सार असं: गिनी फाउल (कोंबडीसारखा ठिपकेदार पक्षी) आणि बटेरची (क्वेल) पिल्लं तीन आठवड्यांची झाली की कंपनीचं गोळी खाद्य एका दिवसात बंद करा, घरचा मका, शाळू, बाजरी, सोयाबीन टाका. खर्च निम्म्यावर येतो, औषध लागत नाही आणि पक्षी गावरानसारखा चवदार होतो.

"तीन आठवड्यांनी दाणा चालतो." चालत नाही. गिनी फाउलच्या पिल्लाला पहिले चार-पाच आठवडे २४ ते २६ टक्के प्रथिनं लागतात, पुढे आठव्या आठवड्यापर्यंत २० च्या आसपास. मक्यात ती ८-९ टक्के, शाळूत १० च्या आगेमागे, बाजरीत ११-१२. तिन्ही कशीही मिसळा, आकडा १२ च्या वर सरकत नाही. शिवाय मक्यातलं नायासिन (एक बी-जीवनसत्त्व) पक्ष्याच्या अंगी जवळजवळ लागतच नाही, म्हणून वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात. आधी पिसं खुंटतात, मग पिल्लं एकमेकांची पिसं उपटायला लागतात, मग लंगडी दिसायला लागतात. अशा वेळी लोक रोग समजून अँटिबायोटिक पाजतात. कमतरता खाद्यात असते, पाण्यात औषध घालून ती भरत नाही.

बटेरचा तर प्रश्नच येत नाही. ती पाच-सहा आठवड्यांत विक्रीला जाते आणि पाच आठवड्यांत साधारण अर्धा किलो खाद्य खाते. त्यात दाणा घालून वाचणार दोन-चार रुपये, आणि वजन मात्र मागे पडणार. अंड्यावरच्या बटेरला २० टक्के प्रथिनांबरोबर अडीच ते तीन टक्के कॅल्शियम लागतं. मक्यात ते नावालासुद्धा नाही. बटेर शेवटपर्यंत तयार खाद्यावरच ठेवावी.

"खर्च निम्मा." किलोमागे दाणा स्वस्त पडतो, हे खरं. पण २० टक्के प्रथिनांचं ग्रोअर (वाढीच्या वयाचं) खाद्य आणि ९ टक्क्यांचा मका निम्मा-निम्मा केला की उरतात साडेचौदा. आठ आठवड्यांपुढच्या गिनी फाउलला १६ तरी हवेत. म्हणजे २० टक्क्यांच्या खाद्यात दाणा ४० टक्क्यांपर्यंतच घालता येतो, तोही शाळू-बाजरीचा वाटा धरून. गोणीवर १८ लिहिलं असेल तर २५ टक्क्यांवर थांबा. गोणीवरचं लेबल न वाचता प्रमाण सांगणाऱ्याचं ऐकू नका.

त्यापुढे जायचं तर पेंड घालावीच लागते. बारा आठवड्यांनंतर १०० किलोसाठी: मक्याचा भरडा ५०, शाळू-बाजरीचा भरडा २४, सोया पेंड २२, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) दीड, चुनखडी दीड, मीठ ३०० ग्रॅम, आणि व्हिटॅमिन-मिनरल प्रिमिक्स (मेथिओनिन हे अमिनो आम्ल असलेलं) पाकिटावरच्या प्रमाणात. हे साधारण १६ टक्क्यांवर बसतं. मीठ आणि प्रिमिक्स आधी दोन किलो भरड्यात घोळून मग सगळ्यात मिसळा, नाहीतर एका पक्ष्याच्या वाट्याला सगळं आणि दुसऱ्याच्या वाट्याला काहीच नाही.

"एका दिवसात बंद करा." गोळीवर वाढलेल्या पक्ष्याचा पेटा (दाणा दळणारं पोट) मऊ असतो, दाणा दळायची त्याला सवय नसते. आठवडाभर आधी ग्रिट सुरू करा: नदीची जाड वाळू चाळून, धुऊन, वाळवून, २ ते ४ मिलिमीटरची, वेगळ्या भांड्यात. शिंपला ही ग्रिट नव्हे. तो पोटातल्या आम्लात विरघळतो, आणि अंड्यावर न आलेल्या पक्ष्याला जास्त कॅल्शियम मिळालं की मूत्रपिंडं बिघडतात. ग्रिट लागू झाली की नवव्या आठवड्यात १० टक्के भरडा घाला आणि दर चार-पाच दिवसांनी १० टक्के वाढवा. अख्खा दाणा त्यानंतर. भरडा संध्याकाळी वेगळा टाकू नका. पक्षी मका वेचून खातो आणि गोळी तशीच ठेवतो, मग कागदावरचं प्रमाण कागदावरच राहतं. सकाळी पक्ष्यांची गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा. ती टणक आणि भरलेलीच लागली तर दाणा दोन दिवस थांबवा.

"घरचं सोयाबीन टाका." मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य. कऱ्हाड, वाळवा, पलूसकडे मळणीनंतर घरात सोयाबीन असतंच, म्हणून मोह होतो. कच्च्या दाण्यातलं ट्रिप्सिन रोखणारं द्रव्य प्रथिनं पचूच देत नाही, स्वादुपिंड फुगतं, वाढ थांबते. नीट भाजलेलं किंवा पेंडच चालते.

"औषध लागत नाही." उलट आहे. बऱ्याच स्टार्टर (लहान पिल्लांच्या) खाद्यांत रक्ती हगवण रोखणारं औषध मिसळलेलं असतं. खाद्य अचानक बंद केलं की ते संरक्षणही जातं, आणि ओल्या लिटरवर (पक्ष्यांखाली पसरलेल्या भुशावर) आठवड्याभरात रक्त दिसू शकतं. याची दुसरी बाजूही माहीत हवी: ब्रॉयलरच्या ज्या खाद्यात मोनेन्सिन (रक्ती हगवणीवरचंच एक औषध) असतं ते गिनी फाउलच्या जिवावर उठू शकतं. खरेदी करतानाच विचारून घ्या.

चवीबद्दलचा मुद्दा बराचसा मान्य. मोकळ्यावर फिरणारा, दाणा खाणारा, जास्त वयाचा पक्षी घट्ट मांसाचा होतो. फक्त त्याला वय लागतं, ते तीन आठवड्यांच्या पिल्लाला दाणा घालून येत नाही.

दाणा कसा असावा, यावर मेसेज गप्प आहे. ओलसर मका बुरशी धरतो आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, यकृत खातं. दाण्यातला ओलावा १२-१३ टक्क्यांच्या खाली असू द्या. बाजरीत अरगटचे (बुरशीच्या रोगाचे) काळपट दाणे दिसले तर २० टक्के मिठाच्या पाण्यात टाका, वर तरंगणारं काढून फेका, उरलेली दोनदा साध्या पाण्यात धुऊन वाळवा. आणि पेरणीनंतर उरलेलं गुलाबी-लाल रंगाचं बियाणं कोंबड्यांपुढे टाकू नका. त्यावरच्या थायरम या बुरशीनाशकाने पायांची हाडं वाकडी होतात, अंड्यांची कवचं मऊ पडतात, आणि धुतलं तरी ते पूर्ण जात नाही.