शिकागो, उभ्याउभ्या

मुलाने सहलीचं वेळापत्रक एक्सेलमध्ये केलं होतं. हिरवे रकाने म्हणजे बेसबॉलचे सामने, करडे म्हणजे 'बाकीचं'. सिनसिनाटी हिरवं, मिलवॉकी हिरवं, सेंट लुईस हिरवं. फक्त शिकागोच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अख्खा करडा पट्टा होता आणि त्यात लिहिलं होतं, 'आईबाबांसाठी शहर'. लोक जिथे आठवडा काढतात ते शहर आम्हाला दोन सामन्यांच्या फटीत बघायचं होतं. नातवाला तर ही फटही नको होती. निषेध म्हणून तो हातातला चामडी ग्लोव्ह न काढताच नाश्त्याला बसला आणि त्याने दूध सांडून ठेवलं.

"सगळं जवळच आहे बाबा, दोन-चार ब्लॉक." एरवी ही मंडळी गाडीशिवाय ब्रेडही आणत नाहीत, सुट्टीवर आली की मात्र त्यांना पायी चालण्याचा झटका येतो.

पहिला नंबर विलिस टॉवरचा. 110 मजले. गावातले जुने लोक अजून त्याला सीअर्स टॉवरच म्हणतात. लिफ्ट साधारण मिनिटभरात 103व्या मजल्यावर नेते असं मोठ्या अभिमानाने सांगतात. लिफ्टच्या दारापर्यंत पोचायला किती वेळ लागतो त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. वर इमारतीच्या बाहेर सव्वाचार फूट काढलेल्या काचेच्या पेट्या आहेत. पायाखालीही काच, आणि त्याखाली 1,353 फुटांवर रस्ता. मी कॅमेरा सांभाळण्याचं काम पत्करून भिंतीशी उभा राहिलो. ही मात्र सरळ आत गेली, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाली, "काच काय लख्ख ठेवलीय हो!"

तिथून मिलेनियम पार्क, चालत. तिथलं ते चकचकीत 'बीन', घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचं शिल्प, म्हणजे अनिश कपूरचं 'क्लाउड गेट'. मुंबईत जन्मलेल्या माणसाने स्टीलचे 168 पत्रे असे जोडलेत की सांधा दिसत नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचा सांधा दर पावसाळ्यात दिसतो, पण ते असो. त्यात सगळं शहर दिसतं, आणि शहराच्या पुढ्यात आपलं पोट. "फोटोपुरतं तरी आत घ्या," ही म्हणाली. माझ्या मते मी आधीच घेतलं होतं.

एव्हाना मला शिकागोत एकाच गोष्टीची ओढ लागली होती: बूड टेकायला जागा. नदीवर इमारती दाखवणाऱ्या बोटी असतात. बोटीत खुर्च्या असतात, आणि इमारती आपणहून आपल्यासमोरून जातात. याहून सुसंस्कृत पर्यटन मला माहीत नाही. पण बोटीला वेळ नव्हता. "काठाने चालत गेलो की तेच दिसतं, बाबा." चालता चालता त्याने सांगितलं की या लोकांनी 1900 साली या नदीचा प्रवाहच उलटा फिरवला, म्हणजे सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात जायला नको. अख्खी नदी मागे फिरवता आली, पण मला हॉटेलवर मागे फिरायची परवानगी मिळेना.

आर्ट इन्स्टिट्यूटला जायचंच, हा हिचा हट्ट. 11 सप्टेंबर 1893 ला विवेकानंद बोलले ते याच इमारतीत. दारातल्या दोन कांस्य सिंहांना वळसा घालून आत गेलो, हिने हात जोडले. मग पेंटिंगं पाहिली. दालनांच्या मधोमध बाकं असतात. चित्रासमोर बराच वेळ बसणाऱ्या माणसाला सगळे रसिक समजतात. एका निळ्या चित्राचा मी फार सखोल अभ्यास केला.

संध्याकाळी रेड लाइन मेट्रोने ॲडिसन स्टेशन. तिथलं रिगली फील्ड, 'शिकागो कब्ज' या इथल्या संघाचं बेसबॉलचं मैदान, 1914 सालचं. धावफलक अजून माणसं हाताने बदलतात. मैदानाच्या भिंतीवर आयव्हीचा वेल आहे. चेंडू त्यात अडकला की फिल्डर दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोनच बेस मिळतात. आमच्या गल्लीत जोश्यांच्या कंपाउंडात गेला की दोन डिक्लेअर, तसंच. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. शिवाय इथे माझ्या नावाची, नंबरची, हक्काची खुर्ची होती.

नातू शेजारी बसून मला नियम शिकवत होता. त्यातला एकच मनाला लागला. 2023 पासून म्हणे पिचरच्या मागे घड्याळ लागलंय, बेस रिकामे असतील तर 15 सेकंदांत चेंडू टाकायचा. त्यामुळे त्या वर्षी सामने आधीपेक्षा सरासरी 24 मिनिटं लवकर आटोपले. माझ्या बसण्यातली 24 मिनिटं! पण देव आहे. नऊ इनिंग झाल्या आणि बरोबरी. बेसबॉलमध्ये बरोबरीवर उठायची सोय नाही. निकाल लागेपर्यंत खेळायचं. मी दोन्ही संघांना टाळ्या वाजवू लागलो.

तेवढ्यात यजमानांच्या कुणीतरी चेंडू थेट भिंतीपलीकडे घालवला आणि संपलं. सगळे उड्या मारताहेत, आणि मी बूट शोधतोय. माझा चेहरा बघून पलीकडचे आजोबा मला पाहुण्या संघाचा समजले. ते 'शिकागो कब्ज'चे जुने भक्त. या लोकांनी 1908 नंतरची ट्रॉफी थेट 2016 मध्ये पाहिली, दुसऱ्याचं सांत्वन करायचा सराव दांडगा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

"लवकर या," माझ्या तोंडून निघून गेलं.