थोडासा प्ले

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास अमळनेरच्या भर बाजारातून एक चष्मेवाला गृहस्थ गाडीच्या उघड्या डिकीत गुडघे हनुवटीला टेकवून बसून गेला. ते दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांच्यासाठी हा खुलासा. तो मीच होतो. गाडीही माझीच होती. अपहरण नव्हतं, पैज नव्हती. मी आवाज ऐकत होतो.

आवाज असा की डाव्या पुढच्या चाकापाशी, गाडी हळू असताना, बारक्या खड्ड्यात 'खट्'. मोठ्या खड्ड्यात नाही. मोठ्या खड्ड्यात तुम्हीच इतके ओरडता की बाकी काही ऐकू येत नाही, असं बायकोचं मत. शिवाय गाडी सरळ रस्त्यावर हळूहळू डावीकडे ओढायची, म्हणजे बाजारातून जाताना ओळखीचं दुकान दिसल्यावर बायको ओढते तशी. आधी गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथं एक चाक जॅकवर उचलून हलवून पाहिलं, अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि 'जनरल चेकअप' मिळून २,८०० रुपये घेतले आणि कागदावर छापून दिलं : आवाज आढळला नाही. परत निघताना त्यांच्याच गेटातल्या स्पीडब्रेकरवर आढळला. मग एका टायरवाल्याने पुढचे दोन्ही टायर आलटून पालटून लावले. टायरचा दोष असेल तर आता गाडी उजवीकडे ओढेल, म्हणाला. ती डावीकडेच ओढली. "म्हणजे टायर चांगले आहेत सर," असं सांगून त्याने माझं अभिनंदन केलं आणि शंभर रुपये घेतले.

शेवटी आमच्या गावचा मिस्तरी. हे आधीच सुचायला हवं होतं, पण माणूस धुळं-जळगाव हिंडल्याशिवाय गल्लीतल्या माणसाला मानत नाही.

मिस्तरीचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं शेड, एक खड्डा, एक निंबाचं झाड, आणि झाडाखाली कुठल्याशा व्हॅनमधून काढलेलं मागचं सीट. त्या सीटवर आप्पा. आप्पा गॅरेजचे मालक नाहीत, नोकर नाहीत, गिऱ्हाईकही नाहीत. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून ड्युटीवर आल्यासारखे इथे येऊन बसतात. कन्नडचा घाट, चांदसैलीचा घाट, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेत. तेव्हाच्या बसला पॉवर स्टेअरिंग नव्हतं आणि स्टेअरिंगच्या चाकात पाव चक्कर मोकळा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असायचा. आधी ड्रायव्हर स्टेअरिंग फिरवायचा, मग बस त्यावर विचार करायची, मग वळायची. तेवढ्या वेळात वळण संपू नये एवढीच देवाकडे मागणी. हे मला आप्पांनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मी मिस्तरीला म्हटलं, "जरा आवाज येतोय." मिस्तरीने माझ्याकडे न बघता आप्पांकडे बघितलं.

"आवाज कसा शे?" आप्पा, अहिराणीत. त्यांचं 'शे' म्हणजे आपलं 'आहे'.

"खट् असा."

"खट् शे का खडक् शे?"

"खट्च. म्हणजे कधीकधी खडक्."

आप्पांनी अर्धा कप चहा खाली ठेवला. मागच्या दोन गाड्यांवर काम करणारी पोरंही थांबली. "सर, नीट सांगा. खट् म्हणजे लिंक रॉड. खडखड म्हणजे बुश. चाक वळवतांना किर्र म्हणजे जंपरनं वरनं माउंटिंग. गुंई गुंई म्हणजे बेअरिंग. वळतांना कटकटकट म्हणजे एक्सल. तुमनं काय शे?"

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. आणि खरं सांगतो, मला आठवेना. खट् म्हटलं की खट् वाटायचं, खडक् म्हटलं की खडक्. माझी ही चलबिचल आप्पा तपासणीला आलेल्या साहेबासारखे बघत होते.

"सर, तुमी पोरेस्ले काय शिकाडतस?"

"मराठी."

"मंग सांगा ना मराठीमा!"

सगळं गॅरेज हसलं. पंक्चरसाठी थांबलेला एक मोटारसायकलवालाही हसला, ज्याचा काडीचा संबंध नव्हता. मी बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात अनुकरणवाचक शब्द शिकवतो आहे. खळखळ, सळसळ, फडफड, कडकड. दरवर्षी पोरांच्या उत्तरपत्रिकेत 'पाण्याची फडफड' आणि 'पानांची कडकड' वाचून लाल पेनाने गोल करतो. आणि इथे आठवीनंतर शाळा सोडलेला माणूस मला तोंडी परीक्षेत नापास करत होता, तेही माझ्याच विषयात.

मग परीक्षेचा दुसरा भाग. मिस्तरीने चाक उचलून वर-खाली धरून हलवलं, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाला. काही नाही. बॉल जॉइंट आणि बेअरिंग ठीक. मग तीन आणि नऊला धरून हलवलं. काही नाही. टाय रॉड ठीक. गाडी खाली आली तसे आप्पा उठले, बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून गाडी दाबली आणि सोडली. गाडी एकदा वर आली, बसली, थांबली. "जंपर बराबर शे." जंपर, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गेलेला असता तर झोके घेत राहिली असती. एवढं झाल्यावर तिथं जमलेल्या प्रत्येकाला वाटलं की आपणही दाबून बघावी. मोटारसायकलवाल्याने मागचा कोपरा दाबला. केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर रावेरहून सुरतला निघालेला, त्याने दुसरा कोपरा दाबला. एकाने तर नुसतं टपावर थोपटलं. सारंगखेड्याच्या जत्रेत दत्तजयंतीला घोडे बघायला जातो ना आपण, तसं चाललं होतं. घ्यायचा कोणालाच नसतो, पण दात सगळे बघतात, भोवरे सगळे मोजतात, आणि मालक बाजूला उभा राहून आपल्या जनावराबद्दल नको ते ऐकत असतो.

"ट्राय मारनी पडी," आप्पा म्हणाले.

ट्राय आप्पा मारणार, हे ठरलेलंच होतं. मिस्तरी शेजारी. मी मागच्या सीटवर बसायला गेलो तर आप्पा म्हणाले, "तठे नही. डिकीमा." कारण पुढचा आवाज पत्र्यातून मागे जातो, मागचा पुढे येतो, आणि बसणारा मध्ये फसतो. कोणीतरी मागच्या चाकांच्या डोक्यावर बसून मागचं तरी खोटं पाडलं पाहिजे. मी म्हटलं, पोऱ्याला बसवू. आप्पा म्हणाले, "आवाज तुमले येस, आमले नही. तुमीच बठा."

ह्याला उत्तर नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही, आणि रोज रात्री मी ते शोधतो.

मागचा ट्रे काढला, पिशव्या काढल्या, मला ठेवलं. झाकण दोरीने अर्धवट बांधलं, कारण पूर्ण लावलं तर सर गुदमरतील. आप्पांनी स्टेअरिंग धरलं ते बसचं धरतात तसं, कोपरं पसरून, आणि पहिल्याच वळणावर सवयीप्रमाणे हातभर फिरवलं. आमची गाडी इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगची, करंगळीने वळणारी. ती सरळ उसाच्या रसाच्या गाडीवर निघाली. रसवाल्याने काचेचे दोन ग्लास छातीशी धरले. आप्पांनी गाडी सावरली आणि मोठ्याने विचारलं, "हाई स्टेरिंग शे का रेडिओनं बटन?"

वार मंगळवार. गावातल्या मंगळग्रहाच्या मंदिरात दर्शनाला बाहेरगावचे लोक आलेले, बाजार तुडुंब. गाडी चालण्याच्या वेगाने. त्यामुळे प्रत्येक ओळखीच्या माणसाला माझ्याकडे पुरेसं बघता आलं. आमच्या उपप्राचार्यांनी स्कूटर थांबवून बघितलं, नमस्कार केला आणि काही न विचारता गेले, हे सगळ्यात वाईट. गेल्या वर्षीची बारावीची दोन पोरं गाडीबरोबर चालत आली. "सर, कुठे निघाले?" "पारोळ्याला," मी म्हटलं. काय बोलणार? त्यातल्या एकाने फोटो काढला. सर, जरा हसा, म्हणाला. मी हसलो. शिक्षकाला हे रिफ्लेक्स असतात.

आणि आवाज? नाही आला. डॉक्टरच्या दारात पोचल्यावर दात दुखायचा थांबतो तसा तो थांबला. परत गॅरेजला येऊन आप्पा उतरले, दार लावलं आणि निकाल दिला. खाजगीत नाही, निंबाखालच्या सगळ्या पंचांसमोर. "गाडीमा काहीच नही सर. प्ले तुमना हातमा शे."

मी चिडलो. खरंच चिडलो. डिकीतून उतरताना पाय आखडले होते आणि अर्धी पँट ग्रीसने भरली होती, त्यामुळे रुबाबात चिडता आलं नाही, पण चिडलो. म्हटलं, आप्पा, हातात प्ले असेल तर खड्ड्यात आवाज हाताचा येतो का? रस्ते कोणी बघत नाही, सगळे मालकाला बघतात! त्या रात्री जागून मी वाचून काढलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या सूचनांप्रमाणे गतिरोधक गोलसर, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी अलगद जाते. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी जो आहे तो टीचभर रुंद आणि ढोपरभर उंच. रंग नाही, पाटी नाही. त्याच्या पुढे कोणी शेताला पाणी न्यायला रस्ता फोडून पाइप टाकलाय आणि वर मुरमाचा ढीग, म्हणजे तो आणखी एक. गाडी घेतली तेव्हा किमतीच्या ११ टक्के एकरकमी कर भरला होता. तो रस्त्याचा होता की ह्या उंचवट्यांचा, हे पावतीवर लिहिलेलं नाही. आणि आवाज आला की पहिला प्रश्न कोणता? "सर, तुम्ही चालवता कशी?"

असो. मी चिडून बोलत असताना गॅरेजमधला एक पोरगा, तोच ज्याला मी डिकीत बसवणार होतो, पोट जमिनीला लावून गाडीखाली सरकला. चारही चाकं जमिनीवर होती. त्याने आत हात घालून काहीतरी धरलं आणि हलवलं.

खट्.

तोच आवाज. स्वच्छ, शुद्ध, व्याकरणशुद्ध खट्. डावीकडचा लिंक रॉड. वीतभर लांबीची काडी, दोन टोकांना दोन छोटे गोळे, एका गोळ्याचं रबर फाटून ग्रीस वाळलेलं. सर्व्हिस सेंटरमध्ये एकच चाक उचललं होतं. एक बाजू वर केली की दोन्ही चाकांना जोडणारी आडवी पट्टी पीळ खाते, लिंक रॉड ताणून ताठ होतो आणि त्यातला प्ले लपतो. साहेब वर्गात आले की मागच्या बाकावरचे कसे ताठ बसतात, तसं. जमिनीवर गाडी असताना धरलं की लगेच उघडं पडतं. म्हणजे मी खट् म्हटलं होतं ते बरोबर होतं! मी आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "मी पहिलेच सांगेल व्हतं, खट् म्हणजे लिंक रॉड."

दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे लागतात, एक जुना एक नवा ठेवत नाहीत. माल गावात नव्हता. ह्याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याची विप्रो झाली, बंगळूरला जाऊन जगाला सॉफ्टवेअर विकते. आणि माझी वीतभर काडी धुळ्याहून यायची होती. आप्पांनी धुळे डेपोला फोन लावला, कोणा कंडक्टरला 'बेटा' म्हणाले, आणि संध्याकाळच्या गाडीने पार्सल आलं. दोन्हीचे १,२०० आणि मजुरी ३००. खट् गेला.

डावीकडे ओढणं मात्र राहिलं.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. ह्या वेळी मी डिकीत नाही, स्टेअरिंगवर, आणि आप्पा शेजारी. चोपडा रोडला गाव सुटल्यावर मागेपुढे कोणी नाही बघून म्हणाले, उजव्या अंगाने चालवा थोडं. चालवली. गाडी उजवीकडे ओढायला लागली. "रस्ताले ढाळ रहास, पाणी जावाले. पाणी जथा जाई, गाडी तथाच जाई." एवढं ओढणं सगळ्याच गाड्यांना असतं. दोन्ही हातांनी धरलं की कळतही नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं उजवं कोपर खिडकीत होतं, आणि डावा हात स्टेअरिंगच्या डाव्या बाजूला नुसता लोंबकळत होता, पिशवी अडकवल्यासारखा.

आप्पा काही बोलले नाहीत. पावणेतीनच्या काट्यांसारखे दोन्ही हात हवेत धरून दाखवले आणि समोर बघत बसले. घरी आल्यावर बायको म्हणाली, मी चालवते तेव्हा तर सरळच जाते. हे तिने गेल्या दिवाळीपासून तीनदा सांगितलं होतं म्हणे.

तर सध्या मी दोन्ही हातांनी चालवतो. बाजारात, कॉलेजला, पारोळ्याला. फक्त त्या निंबाच्या झाडासमोरून जाताना काच खाली करतो, कोपर पूर्ण बाहेर काढतो आणि एका बोटाने स्टेअरिंग धरतो. गाडी हळूहळू डावीकडे सरकते. रसवाला ग्लास उचलतो.