नव्या विश्वस्तास युक्तीच्या गोष्टी चार

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानांवर विश्वस्त म्हणून तुमची वर्णी लागली आहे, असं धरून चालू या. लागली नसेल तरी वाचून ठेवा. वर्णी कधी कुणाची लागेल, सांगता येत नाही. गोल्फ येत नसेल तर उत्तमच. ज्याला खेळता येतं तो बैठकीत खिडकीबाहेर बघत बसतो.

आधी नेमणुकीचा कागद नीट वाचा. मैदान तुमचं नाही. पहिल्या टीच्या, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या जागेच्या, पाठीमागे जी रुबाबदार दगडी इमारत टीव्हीवर दिसते, त्या रॉयल अँड एन्शंट क्लबचंही नाही, जरी अर्ध्या जगाला तसं वाटत असलं तरी. जमीन सार्वजनिक, कारभार धर्मादाय ट्रस्टचा. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या जुन्या नगरपालिका मोडीत निघणार होत्या. आपली लिंक्स, म्हणजे समुद्राकाठची ही वाळूवरची गोल्फची जमीन, दूरच्या कुठल्यातरी कचेरीच्या हाती जाऊन पडू नयेत, म्हणून १९७४ साली त्यांच्यासाठी संसदेत खास कायदा झाला आणि ट्रस्ट जन्माला आला. विश्वस्त आठ. तीन क्लबने सुचवलेले, तीन स्थानिक परिषदेने, एक सरकारने, आणि एक त्या भागाचे खासदार. हा आठचा आकडा ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला माझा दंडवत. चार-चार मतं पडली की निर्णय होत नाही, आणि निर्णय झाला नाही की गवत वाढत राहतं.

पण तुमची नेमणूक गवत वाढू देण्यासाठी झालेली नाही. वार्षिक अहवालात तुमचा फोटो येणार, फोटोखाली दोन ओळी येणार, त्या दोन ओळींत काहीतरी यायला हवं. म्हणजे तुम्ही काहीतरी करायला हवं.

सुरुवात उत्पन्नवाढीने करा. या बाबतीत लिंक्सची परंपरा मोठी आहे आणि ती सशांपासून सुरू होते. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांनी लिंक्सवर ससे पाळायची मुभा गावाकडून मिळवली. बदल्यात त्यांनी मान्य केलं की गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळायचा, फुटबॉल खेळायचा, नेमबाजी करायचा हक्क कायम राहील. आज गोल्फवाले ज्या सनदेचं नाव टोपी काढून घेतात, ती मुळात सशांची सनद. लोकांचा हक्क तिच्यात मागच्या दाराने आला आणि ससे गेल्यावरही राहिला. (त्याआधी जेमतेम शंभर वर्षं, १४५७ साली, स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती. तरुण पोरं धनुर्विद्या सोडून चेंडूमागे धावतात, अशी तक्रार. बंदीचा उपयोग किती झाला ते तुम्ही सांभाळायला घेतलेल्या मैदानावरून दिसतंच.)

सशांचा खरा प्रकल्प पुढचा. १७९७ साली नगरपालिकेचं दिवाळं वाजलं आणि लिंक्स हातची गेली. दोन वर्षांनी ती आली ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांकडे. आता तुम्ही त्यांच्या जागी बसून विचार करा. एवढी मोकळी जमीन, वर फुकट खेळणारी माणसं, उत्पन्न शून्य. सशाचं मांस विकतं, कातडं विकतं, आणि त्याची संख्या वाढवायला समिती नेमावी लागत नाही. कागदावर योजना निर्दोष होती. फक्त ससा बीळ खणतो आणि गोल्फचा चेंडू बिळात जातो. पुढची जवळपास वीस वर्षं गोल्फवाले आणि ससेवाले कोर्टात भांडले आणि कोर्टाबाहेर हातघाईवर आले. अखेर १८२१ साली जेम्स चीप या शेजारच्या जमीनदाराने लिंक्स विकत घेतली, आणि त्याला गोल्फचा नाद होता म्हणून मैदान वाचलं. तुमच्या अहवालात या प्रकरणाचा उल्लेख ‘विविधीकरणाचा प्रारंभिक अनुभव’ असा करावा.

ससे जमले नाहीत, मग माणसांकडे वळा. हे गिऱ्हाईक बरं. बीळ खणत नाही, फार तर गवताचा एखादा ढलपा उडवतं. १९१३ पर्यंत ओल्ड कोर्सवर, म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या मैदानावर, खेळायला कुणालाच पैसे पडत नव्हते. त्या वर्षी पाहुण्यांना शुल्क लागलं. गावकरी मात्र १९४६ पर्यंत फुकट खेळत होते. आज गावकऱ्याला वर्षभराचा पास मिळतो आणि त्यावर तो सगळी मैदानं खेळतो. पाहुण्याने २०२४ च्या ऐन हंगामात ओल्ड कोर्सच्या एकाच फेरीचे ३२० पौंड मोजले. हे गणित पाठ करा, कारण तुमचा सगळा कारभार याच्यावर उभा आहे. ज्याचा हक्क आहे त्याच्याकडून फारसं मिळत नाही, आणि ज्याच्याकडून मिळतं त्याचा हक्क नाही. पाहुणा दर वाढले म्हणून कुरकुरतो आणि पुढच्या वर्षी परत येतो. गावकरी पाहुणे वाढले म्हणून कुरकुरतो, आणि तो तर कुठेच जात नाही. तो सकाळी पावाच्या दुकानात तुमच्या पुढे उभा असतो.

पैसा येऊ लागला की एक शब्द जिभेवर येईल, तो गिळा. धर्मादाय संस्थेला नफा होत नाही. तिच्याकडे शिल्लक पडते. दुकानातल्या टोप्या, उपाहारगृहातलं सूप, चेंडूवर छापलेलं चिन्ह, या सगळ्यातून जे पडतं ती शिल्लक, आणि ती परत गवतात जाते. हे खरंही आहे. सात मैदानं सांभाळायची म्हणजे पाण्यासारखा पैसा लागतो, आणि पाण्यालाही पैसा लागतो. त्या सातांची ओळख करून घ्या. न्यू कोर्स १८९५ चा आहे; नाव बदलण्याचा ठराव मांडू नका, ती थट्टा इथे सगळ्यांची करून झालेली आहे. ज्युबिली १८९७ चा, ईडन १९१४ चा, स्ट्रॅथटायरम १९९३ चा, बाल्गोव्ह नऊच होलचा (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा आणि तिथवरची वाट) आणि मुलांचा आवडता, आणि कड्यावरचा कॅसल कोर्स २००८ चा. जगातून येणाऱ्या माणसाला यातलं एकही नको असतं. त्याला ओल्डच हवा असतो. ओल्डवर दिवसाला जितकी माणसं मावतात त्याच्या कितीतरी पट दारात उभी असतात.

इथे तुम्हाला ट्रस्टचं सगळ्यात सुंदर यंत्र भेटेल: सोडत. खेळायच्या दोन दिवस आधी नावं द्यायची, किमान दोघांची, जास्तीत जास्त चौघांची. मग चिठ्ठ्या निघतात. कोट्यधीश आणि सुटी साठवून आलेला शिक्षक एकाच डब्यात. याहून न्याय्य काही मला तरी सुचत नाही. आणि विश्वस्ताच्या दृष्टीने याहून सोयीचंही काही नाही, कारण नाव न निघालेला माणूस नशिबाला बोल लावतो, तुम्हाला नाही. तरीही खेळायच्या काही वेळा प्रवासी कंपन्यांच्या पॅकेजांत आधीच बांधलेल्या असतात, पण तो तपशील पाहुण्याला सोडतीच्या रांगेत असताना समजावून सांगण्याचं कारण नाही.

एकट्याने आलेल्यांची गोष्ट निराळी. दोघा-तिघांच्या गटात रिकामी राहिलेली जागा मिळावी म्हणून ही मंडळी वर्षानुवर्षं पॅव्हेलियनबाहेर रात्रभर रांग लावत. थंडी, समुद्रावरचं वारं, मध्येच पाऊस, आणि पहाटे ओळख झालेली दोन-चार अनोळखी माणसं. काहींना त्या रांगेची आठवण खेळापेक्षा जास्त राहिली. २०२४ मध्ये ट्रस्टने ती रांग बंद करून तिथेही सोडत आणली. नाव आदल्या दिवशी नोंदवा, संध्याकाळी निकाल घ्या, रात्री गादीवर झोपा. माणुसकीचा निर्णय, यात वाद नाही. लगेच हळहळ सुरू झाली की रांगेतली मजा गेली. हळहळणाऱ्यांपैकी किती जण त्या रांगेत उभे राहिले होते हे विचारू नका. विश्वस्ताने असले प्रश्न विचारायचे नसतात.

आता मुख्य धडा. कृपा करून इथे डुलकी घेऊ नका.

ओल्ड कोर्सच्या अठराव्या होलवर, स्विल्कन नावाच्या ओढ्यावर, एक लहानसा दगडी पूल आहे. सातशे वर्षांचा म्हणतात. बांधला मेंढपाळांसाठी, जनावरं पलीकडे न्यायला. आता त्याच्यावरून दिग्गज निरोप घेतात. १९९५ साली अर्नोल्ड पामर तिथे उभे राहिले, २००५ साली जॅक निकलॉस. त्यानंतर जो कुणी अठराव्यावर पोचतो, मग त्याचे फटके शंभराच्या वर का गेलेले असेनात, तो पुलावर उभा राहून हात उंचावतो आणि फोटो काढून घेतो. दिग्गजांनी निरोप एकदाच घेतला. पाहुणे रोज घेतात. परिणामी पुलाच्या तोंडाशी गवत टिकत नाही. नवं गवत लावलं, गेलं. कृत्रिम गवतही लावून झालं. चिखल तो चिखलच.

तेव्हा काहीतरी करायला हवं होतं, आणि ते केलं गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुलाच्या तोंडाशी दगडी फरशीचा एक छानसा गोल घातला गेला. कारागिरी नेटकी होती. परसातल्या अंगणात, दोन खुर्च्या आणि फुलांच्या कुंड्या ठेवल्या असत्या तर कुणी ब्रही काढला नसता. फोटो बाहेर पडला आणि साऱ्या गोल्फविश्वाने एका आवाजात शंख केला. ज्यांनी सेंट अँड्र्यूज कधी पाहिलं नव्हतं त्यांच्याही काळजाला घरं पडली. ट्रस्टने खुलासा केला. खुलाशात तर्क होता, हेतू होता, पायांखाली तुडवलेल्या गवताचं खरं दुःख होतं. काही दिवसांत फरशी उखडली आणि पुन्हा गवत लावलं.

यातून तुम्ही काय घ्यायचं? माझा सल्ला असा की पुढच्या वेळी फरशी चौकोनी घालावी. गोलामुळे लोक बिथरले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. शिवाय पूल सोडून करण्यासारखं पुष्कळ आहे. पहिल्या आणि अठराव्या होलला आडवा छेद देत एक सार्वजनिक रस्ता जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड. त्याच्यावरून माणसं समुद्राकडे जातात, गाड्याही जातात, आणि जगातला कितीही मोठा गोल्फर असला तरी म्हातारी रस्ता ओलांडून जाईपर्यंत हात आवरून उभा राहतो. एखादा उड्डाणपूल तिथे शोभून दिसेल. ११२ बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत, त्यातल्या चौदाव्यावरच्या एकाचं नाव हेल. नरकाला प्रायोजक मिळणं अवघड जाऊ नये. मोठमोठी ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीच्या कातरलेल्या हिरवळी, दोन-दोन होलमध्ये वाटून घेतलेली आहेत, सात जोड्या, आणि प्रत्येक जोडीच्या आकड्यांची बेरीज अठरा येते. याला जागेचा अपव्यय म्हणा किंवा जागेची बचत म्हणा, सल्लागार दोन्हींचा अहवाल लिहून देईल.

बदल मुळीच होत नाहीत असंही समजू नका. १७६४ साली इथल्या गोल्फरांनी ठरवलं की सुरुवातीचे चार होल फार तोकडे आहेत, त्यांचे दोन करू. जाताना आणि येताना तेच होल खेळायचे, म्हणून बावीसचे झाले अठरा. मग सगळ्या जगाने अठरा होल खेळायला सुरुवात केली. एक साधा ठराव, ना आराखडा ना सादरीकरण. फरक एवढाच की त्यांनी होल कमी केले होते. फोटोखालच्या दोन ओळींत ‘कमी केले’ चांगलं दिसत नाही, हे मला मान्य आहे.

समुद्राकडेही अधूनमधून लक्ष असू द्या. मैदान मुळात त्याच्याच वाळूवर आहे आणि तो ती परत मागायला येतो. वाळूच्या टेकड्या भरायच्या, गवत रुजवायचं, वादळ झालं की पुन्हा भरायच्या. या कामाचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते बहुधा नीट होतं.

राहता राहिला रविवार. रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. पौंड मोजणाऱ्या पाहुण्यांच्या कितीतरी फेऱ्या, दर आठवड्याला, वर्षभर, सरळ पाण्यात. ओल्ड टॉम मॉरिस इथे १८६५ पासून जवळपास चाळीस वर्षं मैदानाची राखण करत होते, वर्षाला ५० पौंडांवर. रविवारी खेळू द्या म्हणून मागे लागलेल्या एकाला ते म्हणाले, असं सांगतात: तुम्हाला विश्रांती नको असेल, मैदानाला हवी आहे. हा माणूस आज तुमच्या वित्त उपसमितीपुढे एक तासही टिकला नसता. अपवाद मोठ्या स्पर्धांचा. २०२२ साली इथली तिसावी ओपन झाली, सुमारे २ लाख ९० हजार लोक आले, आणि रविवारी मैदानाला विश्रांती हवी असल्याचं कुणाच्याही लक्षात आलं नाही.

एरवी मात्र रविवारी ते गावाचं उद्यान असतं. बाबागाड्या येतात, म्हातारे जोडीने फिरतात, पोरं बंकरमध्ये उड्या मारतात. तुमचा पहिला रविवार आला की तुम्हीही जा, नवा कोट घालून, अठराव्याच्या बाजूने. तिथे एक कुत्रं भेटेल. सोडतीत त्याचं नाव नव्हतं. हँडिकॅपचं, म्हणजे खेळाच्या दर्जाचं, प्रमाणपत्र त्याच्याकडे नाही. पौंड तर नाहीतच. ग्रीनच्या मधोमध ते आडवं पडलेलं असेल, पोट वर करून, उन्हात. तुमच्याकडे एक डोळा उघडून बघेल आणि मिटून घेईल.

हाकलायला जाऊ नका. त्याचा मालक गावातला असतो.