तीन तारांच्या कामाला तीन रात्री

लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यातला, एक दोष शोधण्यासाठी मला एका व्हर्च्युअल मशीनवरचे (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावरचे) लिनक्स दुसऱ्या तशाच मशीनवरून सिरियल पोर्टमार्गे (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीतून) तपासायचे होते, आणि एवढ्याशा जोडणीने माझ्या तीन रात्री खाल्ल्या, याचा मला मनस्वी संताप आला आहे. खऱ्या संगणकांत हे काम तीन तारांत होते: पाठवण्याची, घेण्याची आणि ग्राउंडची. पहिल्या दोन उलटसुलट जोडल्या की पलीकडे अक्षरे उमटतात. इथे तर तारही नाही, ही मशीन्स ज्यावर चालतात त्या यजमान संगणकावरचा एक नेम्ड पाइप, म्हणजे दोन प्रोग्राम जोडणारी नाव दिलेली वाहिनी, तेवढा आहे.

त्या पाइपचे एक टोक सर्व्हर आणि दुसरे क्लायंट ठेवावे लागते, हे मला मान्य आहे. पण क्लायंटचे मशीन चुकून आधी सुरू केले, तर व्हर्च्युअल मशीन चालवणारे हे सॉफ्टवेअर एक इशारा दाखवून पोर्ट तोडलेल्या अवस्थेतच मशीन चालू करते, आणि नंतर सर्व्हर आला तरी स्वतःहून जोडणी करत नाही. पहिली रात्र यातच गेली.

पुढच्या दोन रात्रींचा राग मात्र अजून शमलेला नाही. पोर्ट जोडला, कर्नलला 'केजीडीबीओसी=टीटीवायएस०,११५२००' असे सांगितले, म्हणजे तपासणीसाठी पहिला सिरियल पोर्ट (टीटीवायएस०) या वेगाने वापर असे, तरी समोरचा जीडीबी हा दोष शोधणारा प्रोग्राम उत्तराची वाट पाहत थांबलेलाच. मी वेग तपासला, फ्लो कंट्रोल (पाठवण्याचा ओघ रोखण्याची सोय) बंद केला, सिरियल पोर्ट वापरण्याची परवानगी देणाऱ्या डायलआउट गटात स्वतःचे नाव घातले, पाइपचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. शेवटी कळले ते असे, की एका मशीनमध्ये मी कधीही न मागितलेला व्हर्च्युअल प्रिंटर पहिला सिरियल पोर्ट अडवून बसला होता आणि मी जोडलेला पोर्ट टीटीवायएस१ झाला होता. टीटीवायएस० वर पोर्टच नसता, तर लिनक्सने निदान इनपुट-आउटपुटची चूक तरी दाखवली असती. पण तिथे प्रिंटर असल्यामुळे मी पाठवलेला प्रत्येक बाइट बिनतक्रार स्वीकारला जात होता आणि त्यातला एकही पलीकडे पोहोचत नव्हता.

प्रिंटर काढला आणि पहिल्याच प्रयत्नात जीडीबी जोडला गेला. पोर्ट जोडण्याच्या त्या खिडकीत पाइपचे नाव, टोक आणि पलीकडे कोण आहे हे सगळे विचारतात. मग पहिला पोर्ट प्रिंटरने घेतला आहे, एवढे एक वाक्य तिथे लिहायला यांचे काय अडले होते?